अंगठ्याचा ठणका

माणूस रात्री धडधाकट झोपतो. दोनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यात कळ येते आणि त्याला जाग येते. बघता बघता अंगठा सुजतो, ठणकू लागतो. पांघरुणाचं ओझं सोसवत नाही. खोलीत कुणी जड पावलांनी चाललं तरी जीव कासावीस होतो. हे वर्णन लंडनचे डॉक्टर थॉमस सिडनहॅम यांनी १६८३ साली लिहून ठेवलं. तीसहून अधिक वर्षं ते स्वतः हे दुखणं भोगत होते, त्यामुळे त्यातला शब्द न् शब्द अनुभवाचा आहे. या दुखण्याला आपण आज गाऊट म्हणतो.

माझे एक काका एसटीत कंडक्टर होते. वर्षातून दोन-तीनदा त्यांचा अंगठा असाच सुजायचा. घरातली मंडळी चेष्टेनं म्हणायची, ‘आमच्या काकांना राजेलोकांचा आजार!’ काकांना मात्र हसू येत नसे. धावत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडणाऱ्या माणसाला श्रीमंतांचं दुखणं कुठून आलं? आणि मुळात हा समज तरी आला कुठून?

हा समज फार जुना आहे. चरकसंहितेत वातरक्त नावाच्या विकाराचं वर्णन आहे. त्याचंच एक नाव आढ्यवात. आढ्य म्हणजे धनवान. सुकुमार प्रकृतीच्या, खाऊनपिऊन सुखी आणि पायी न फिरणाऱ्या माणसांना तो होतो, असं तिथं म्हटलं आहे. हा विकार पायांपासून, क्वचित हातांपासून सुरू होतो आणि उंदराच्या विषासारखा अंगभर पसरतो, असं सुश्रुतसंहिता सांगते. वैद्यांनी त्यावर गुळवेल दिली. वातरक्त आणि गाऊट तंतोतंत एकच आहेत असं नाही, पण साम्य मोठं आहे.

ग्रीकांनी या दुखण्याला पोडाग्रा, म्हणजे पाय पकडणारा सापळा, असं नाव दिलं. स्त्रियांना पाळी जाईपर्यंत हा त्रास होत नाही, असं हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत म्हटलं आहे. त्यात आज आपल्याला तथ्य दिसतं, कारण स्त्रियांमधलं संप्रेरक मूत्रपिंडाला युरिक अॅसिड बाहेर टाकायला मदत करतं.

पुढे युरोपात राजेरजवाड्यांमुळे या आजाराला प्रतिष्ठाच मिळाली. सोळाव्या शतकातला सम्राट पाचवा चार्ल्स त्यानं जर्जर झाला होता. त्याच्या हाताच्या बोटाचा जतन करून ठेवलेला तुकडा शास्त्रज्ञांनी तपासला, तेव्हा त्यात युरिक अॅसिडचे स्फटिक सापडले. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. गरिबाचं बोट मात्र कुणी जपून ठेवलं नाही आणि त्याचा ठणका कुणी लिहूनही ठेवला नाही.

औषधाची गोष्टही गमतीची आहे. कोल्चिकम नावाच्या वनस्पतीचा कंद युनानी हकीम सुरंजान या नावानं वापरतात. सहाव्या शतकात ट्रालेसचा अलेक्झांडर हा वैद्य असाच कंद सांधेदुखीवर देत असे. पण मात्रा थोडी जास्त झाली की तोच कंद विष ठरतो, म्हणून युरोपातल्या डॉक्टरांनी पुढे त्याचा धसका घेतला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हुसाँ नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं एक गुप्त काढा विकायला काढला आणि तो भलताच गाजला. १८१४ साली जॉन वाँट या इंग्रज डॉक्टरनं त्याचं गुपित फोडलं. काढ्यात होता तोच जुना कंद! १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. कोल्चिसिनच्या गोळ्या आजही दिल्या जातात.

पण कळ थांबली म्हणजे आजार गेला, असं नाही. १७९७ मध्ये वोलॅस्टन यांनी सांध्यावरच्या खड्यासारख्या गाठी तपासल्या. त्या युरिक अॅसिडच्या क्षाराच्या निघाल्या. १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात हे द्रव्य वाढलेलं असतं, हे दाखवून दिलं. नंतर त्यांनी एक साधी चाचणी काढली. रक्तातल्या पातळ द्रवात थोडं आम्ल घालून त्यात लिननचा दोरा बुडवून ठेवायचा. खडीसाखर जमावी तसे स्फटिक दोऱ्यावर जमत.

आपल्या सांध्यातही हेच घडतं. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर युरिक अॅसिड गेलं की स्फटिक बनू शकतात. पाय शरीराच्या मानानं थंड, म्हणून बहुधा अंगठ्याचा सांधा आधी धरला जातो. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सुजलेल्या सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी स्फटिक स्वतःच्या गुडघ्यात टोचून घेतले. गुडघे सुजले, पण शंका मिटली.

त्याच सुमारास अमेरिकेत गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाला जोड शोधत होते. त्यातून हाती आलेल्या अॅलोप्युरिनॉलनं शरीरात युरिक अॅसिड तयार होणंच कमी केलं. १९६६ मध्ये अमेरिकेत गाऊटसाठी त्याला मान्यता मिळाली. डॉक्टरेटची पदवी न घेतलेल्या एलियनबाईंना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे काका गाडीवर होते तेव्हा औषध बाजारात होतं. पण त्यांना दर वेळी मिळाली ती वेदनाशामक गोळी आणि ‘डाळी बंद करा’ हा सल्ला. वरणभात खाणाऱ्या माणसाचं ताटच हिरावलं गेलं. वास्तविक अमेरिकेत ४७,१५० पुरुषांच्या आहाराची बारा वर्षं पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २००४ मध्ये आला. मांस आणि मासळीनं धोका वाढलेला दिसला, डाळी-भाज्यांनी नाही. शिवाय आनुवंशिकता आणि मूत्रपिंडाचं काम यांचा वाटा आहारापेक्षा मोठा असतो. गाऊट कंडक्टरला होतो, हमालाला होतो आणि शाकाहारी माणसालाही होतो.

काकांच्या पायावर अखेर गाठी आल्या. निवृत्तीच्या समारंभालाही ते चपला घालूनच गेले, कारण बूट चढत नव्हते. युरिक अॅसिड कमी करणारं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. कळ थांबली म्हणून ते सोडायचं नसतं. सुरुवातीला ठणका पुन्हा उठू शकतो. अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. हे चार शब्द त्यांना वेळेवर कुणी सांगायला हवे होते. तुमच्या घरात कुणाचा अंगठा रात्री-अपरात्री सुजत असेल, तर त्याची चेष्टा करू नका. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)