विखुरलेली मंडळी

इ.स. 1972 च्या दुष्काळाने शिरूर कासारचा सिंदफणाकाठ ओसाड केला. लोक खडी फोडावयास लागले. लाल मिलो व सुकडी यांवर लेकरे जगली. कित्येक बिऱ्हाडे ऊसतोडीस परमुलखी गेली. तेव्हा हा प्रांत अमरावती धर्मप्रांतात मोडत असे. पुढे 17 डिसेंबर 1977 रोजी औरंगाबाद धर्मप्रांत निराळा झाला व बिशप डॉमिनिक आब्रिओ हे त्याचे पहिले मेंढपाळ झाले.

पाऊस परतला, परंतु हातचा कोयता सुटला नाही. नाताळात आजही अनेक घरांस कुलूप असते. कारखान्याचा पट्टा पडला, की ईस्टरच्या सुमारास ती उघडतात. दूर फडात असलेल्यांची नावे प्रार्थनेत घेणे ज्या दिवशी आम्ही सोडू, त्याच दिवशी आमची मंडळी खरोखर विखुरली, असे समजावे.