अर्धें पोट आणि अर्धी शक्ति



जुहूच्या किनाऱ्यावर पहाटे फिरावयास येणारी मंडळी पूर्वींहि होती. परंतु हवा खाण्यासाठीं येणाऱ्यांपेक्षां वजन उतरविण्यासाठीं येणारे आतां अधिक दिसतात. यांपैकीं पुष्कळजण घरीं अन्नहि कॅलरी मोजून घेतात. पोटास उणें द्यावयाचें आणि शरीराकडून मात्र काम वाढवून घ्यावयाचें, असा हा दुहेरी व्यवहार आहे. त्याचा पूर्वेतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. मी वैद्य नव्हें. जन्मभर मुलांस इतिहास शिकविलेला एक मास्तर. तथापि हा विषय मीं निव्वळ पुस्तकांतून उचललेला नाहीं, हें पुढें ध्यानांत येईलच.

आपल्याकडे व्यायाम म्हटला कीं त्यामागोमाग खुराक आलाच. १९१२ सालीं राजर्षि शाहू महाराजांचें खासबाग मैदान कोल्हापुरास उभें राहिलें. तेथें लढणारा पैलवान जोर-बैठका काढी आणि दूध, तूप, बदाम यांवर यथेच्छ हात मारी. वाग्भटानेंहि व्यायाम सांगितला तो बलवान व स्निग्ध अन्न खाणाऱ्या माणसास, आणि तोहि अर्ध्या शक्तीनें करावयाचा. कपाळास व नाकास घाम सुटला, तोंडास कोरड पडली, कीं अर्धी शक्ति खर्चली असें समजून थांबावें, अशी प्राचीन वैद्यांची खूण आहे. उलटपक्षीं ज्याचें अन्न तोडलें त्यानें अंथरुणावर पडून राहावें, ही घरोघरची रीत. उणें अन्न आणि व्यायाम हीं दोन्ही एकाच माणसास सांगणें हें आपल्या रूढीस सोडूनच होतें.

शास्त्रास मात्र तें ठाऊक होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार आला आहे. दोघांत स्थूल मनुष्य बरा करणें अधिक कठीण, असें चरक सांगतो. कारण त्यास पोसावें तर मेद वाढतो आणि उपाशी ठेवावें तर त्याचा प्रदीप्त अग्नि त्यास तें सोसूं देत नाहीं. म्हणून अन्न असें द्यावें कीं जें पचावयास जड, भूक भागविणारें, परंतु पोषण थोडें करणारें असेल : जव, सांवा, मूग, कुळीथ, ताक. जोडीस व्यायाम, जागरण आणि चिंता; मात्र हीं सर्व क्रमाक्रमानें वाढवावयाचीं. चिंतेचा औषधांत समावेश पाहून मला हसूं आलें. मास्तरांस ती विकत आणावी लागत नाहीं. परंतु ‘क्रमाक्रमानें’ हा शब्द मीं तेव्हां नीट वाचला नाहीं, आणि त्याचें फळ मला मिळालें.

विलायतेंत विल्यम बँटिंग नांवाच्या स्थूल गृहस्थानें १८६३ सालीं आपला अनुभव पत्ररूपानें छापला. त्यानें आधीं होडी वल्हविण्याचा व्यायाम केला. अंगांत जोर आला, पण भूकहि भयंकर वाढली आणि वजन उलट वाढलें. पुढें पाव, साखर, बटाटे सोडल्यावर तें २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर आलें. केवळ व्यायामानें वजन फारसें उतरत नाहीं, याची ही जुनी साक्ष आहे.

आतां जुहूकडे वळूं. १९२४ च्या जानेवारींत पुण्यास ससून रुग्णालयांत महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, आणि सुटकेनंतर मार्चांत ते विश्रांतीसाठीं येथें येऊन राहिले. १९४४ च्या मे महिन्यांत आगाखान राजवाड्यांतील स्थानबद्धता संपल्यावर ते पुनः येथेंच आले; या किनाऱ्यावर फिरतांनाचीं त्यांचीं छायाचित्रें प्रसिद्ध आहेत. दिवसाकाठीं पांचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहींत, हें त्यांचें व्रत १९१५ पासूनचें. आणि लंडनच्या विद्यार्थिदशेंत ते रोज आठ-दहा मैल चालत. त्यांस वजन उतरवावयाचें नव्हतें, हें उघड आहे. परंतु अल्पाहारी माणसानें कोणता व्यायाम आयुष्यभर धरून ठेवला, तर चालण्याचा, एवढें त्यांच्यावरून दिसतें.

त्याच १९४४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं एक विलक्षण प्रयोग आरंभिला. शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यासाठीं स्वेच्छेनें पुढें आले. २४ आठवडे त्यांस दिवसास सुमारें १,५७० कॅलरींचें अन्न देण्यांत आलें आणि आठवड्यास २२ मैल चालावयास लावलें. वजन जवळजवळ चतुर्थांशानें उतरलें. पण अंगांतील बळ गेलें, थंडी वाजूं लागली, मन खिन्न झालें, रात्रंदिवस अन्नाचेंच चिंतन चाललें. ते तरुण मुळांत लठ्ठ नव्हते, हें खरें. तरी आज हातोहातीं फिरणाऱ्या कित्येक तक्त्यांत याहूनहि कमी कॅलरी असतात!

असाच १,००० कॅलरींचा एक तक्ता सात वर्षांपूर्वीं मीं एका परिचिताकडून आणला. वजन ८४ किलो होतें. रोज पहाटे रिकाम्या पोटीं दीड तास, आणि तोहि कोरड्या भुसभुशीत वाळूंतून, चालूं लागलों. अशा वाळूंत कठीण जमिनीच्या दुपटीच्या आसपास शक्ति लागते, हें मला कोठें माहीत होतें! दीड महिन्यांत आठ किलो उतरले. मी तें सर्वांस सांगत सुटलों. पत्नी मात्र कांहीं बोलली नाहीं. दहा किलो गव्हाची पिशवी दोन जिने चढवितांना मी दोनदां खालीं टेकविली, तें तिनें पाहिलें होतें.

पुढें एका सकाळीं डोळ्यांपुढें अंधारी आली आणि मी वाळूंतच बसलों. कोळीवाड्यांतील एका वृद्ध बाईनें गोड चहा पाजला. रिकाम्या पोटीं समुद्रावर कोणी जात नाहीं, एवढेंच ती म्हणाली.

डॉक्टरांनीं मग समजाविलें तें असें. अन्न फार तोडलें म्हणजे शरीर मेदाबरोबर स्नायूहि जाळतें. माझे आठ किलो सगळे चरबीचे नव्हते. स्नायू टिकवावयाचे तर डाळी, दूध, अंडीं यांतील प्रथिनें पुरेशीं हवींत आणि स्नायूंस वजन उचलण्याचें थोडें काम हवें. नुसतें चालणें पुरत नाहीं. मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यानें तर डॉक्टरांस विचारल्यावांचून हा उद्योग करूंच नये, कारण रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. महाराष्ट्रांत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दोन वेळांचें जेवण व ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणें ही पद्धत लोकप्रिय केली. पण साठी उलटलेल्या माझ्या गुडघ्यांनीं तो वेगहि मानला नाहीं.

सध्यां मी भाकरीचा चतकोर तेवढा कमी करतों, मुगाची उसळ खातों. ओहोटीची वेळ पाहून ओल्या, घट्ट वाळूवरून अर्धा तास चालतों आणि नाकावर घाम आला कीं परततों. घरीं खुर्चीवरून हात न टेकतां पंधरा वेळां उठतों. पुनः चढलेलें वजन दोन वर्षांत पांच किलो उतरलें, आणि गव्हाची पिशवी आतां न टेकतां वर जाते.