झारला घालवलं कुणी?

आबांच्या गोष्टीतली रशियन क्रांती नेहमी एका पाद्र्यापासून सुरू व्हायची. जानेवारी १९०५, रविवार, पीटर्सबर्ग. फादर गापोन हजारो कामगारांना आणि त्यांच्या बायकापोरांना घेऊन हिवाळी राजवाड्याकडे निघाला आहे. हातात देवाच्या तसबिरी, झारचे फोटो आणि एक अर्ज: आठ तासांचा दिवस द्या, मजुरी वाढवा. झार तिथं नव्हताच. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. आबा इथं थांबत आणि म्हणत, "माणसं मेली, आणि झार मायबाप आहे हा समजही त्याच दिवशी मेला."

आबा लालबागच्या गिरणीत साच्यावर होते, आजी रीळखात्यात. १९२८चा सहा महिन्यांचा संप आबांनी ऐन जवानीत काढला आणि लाल बावट्याच्या अभ्यासवर्गात रशिया ऐकला. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. त्या संपाबद्दल दूर जिनिव्हात बसलेल्या लेनिनने लिहिलं होतं, हे सांगताना आबांचा आवाज चढायचा. आपला भोंगा तिकडे ऐकू गेला, याचं अप्रूप त्यांना जन्मभर राहिलं.

लेनिनच्या पक्षाची जन्मकथाही ते रंगवून सांगत. १८९८ साली मिन्स्कमध्ये नऊ जणांनी पक्ष काढला आणि थोड्याच दिवसांत त्यातले बहुतेक पकडले गेले. १९०३ साली ब्रसेल्समधून लंडनला हलवाव्या लागलेल्या अधिवेशनात तो फुटला, तोही सभासद कोणाला म्हणायचं या कलमावरच्या भांडणातून. लेनिनचा तेव्हाचा साथी मार्तोव याला दार थोडं मोकळं हवं होतं. लेनिनला संघटनेत प्रत्यक्ष राबणारेच हवे होते. एवढं झालं की आबा थेट एप्रिल १९१७ मध्ये उडी मारत: फिनलंड स्टेशन, रात्रीची वेळ, गाडीतून उतरणारा लेनिन.

एकदा भांडी विसळता विसळता आजीने मध्येच विचारलं, "झार तर आदीच गेलता न्हवं? मग त्याला घालवलं कुणी?"

"बायकांनी. पाव मिळंना म्हणून," आबा म्हणाले आणि पुन्हा स्टेशनवर गेले.

आजीचा प्रश्न माझ्यासोबत राहिला. पुढे मिळेल ते वाचत गेलो, तसतसं कळलं की आबांनी जे एका वाक्यात उरकलं तिथंच सगळं घडलं होतं. महायुद्धाचं तिसरं वर्ष, कडाक्याची थंडी, विस्कटलेली रेल्वे, आणि पेत्रोग्राडमध्ये, म्हणजे नाव बदललेल्या पीटर्सबर्गमध्ये, पावासाठी तासन्‌तास रांगा. १९१७च्या ८ मार्चला, रशियाच्या तेव्हाच्या पंचांगात २३ फेब्रुवारीला, महिला दिन होता. आदल्या दिवशी शहराच्या वायबोर्ग भागातल्या एका बोल्शेविक, म्हणजे लेनिनच्या गटाच्या, कार्यकर्त्याने बायांना बजावलं होतं की पक्षाला विचारल्याशिवाय संप करू नका. सकाळी कापडगिरण्यांतल्या बाया बाहेर पडल्याच. शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यांसमोर गेल्या, खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले आणि आतल्या पुरुषांना हाका घातल्या. पुरुष आले. चौथ्या दिवशी व्होलिन्स्की रेजिमेंटच्या सैनिकांनी हुकमावरून गर्दीवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या सकाळी त्याच सैनिकांनी बंड करून आपल्या अधिकाऱ्याला मारलं. आठवडाभरात तीनशे वर्षांची रोमानोव्ह गादी संपली. लेनिन तेव्हा झुरिकमध्ये होता. जानेवारीतच त्याने तिथल्या तरुणांना सांगितलं होतं की निर्णायक लढाई पाहायला आम्ही म्हातारे कदाचित नसू.

म्हणून पक्षाने काहीच केलं नाही, असं मात्र नाही. फेब्रुवारीत जेमतेम चोवीस हजार सभासद असलेला हा पक्ष ऑगस्टपर्यंत दोन लाखांवर गेला. झारनंतर आलेलं हंगामी सरकार युद्ध थांबवेना, जमीन वाटेना. शांतता, जमीन आणि पाव या तीन गोष्टी ठामपणे मागणारा मोठा पक्ष हाच उरला होता. जनरल कॉर्निलोव्हने पेत्रोग्राडवर फौज धाडली, तेव्हा तिला अडवायला कामगार उभे राहिले आणि त्यांच्या हाती बंदुका आल्या. ऑक्टोबरची क्रांती त्यातूनच झाली. आबांचा अभिमान पोकळ नव्हता.

पण त्यांची गोष्ट ऑक्टोबरला संपायची. संविधानसभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना पाव हिश्श्याच्या आसपासच मतं पडली आणि जानेवारी १९१८ मध्ये एका बैठकीनंतर ती सभाच मोडली गेली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कॉलेजात असताना मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "ठाऊक होतं. संपात माणसं खचतील असं बोलायचं नसतं." मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. खचतात ती लपवलेलं पुढे कळल्यावर.

आजीने आणखी विचारलं असतं, "त्या बायांचं फुडं काय झालं?" त्यांना मताचा हक्क १९१७ मध्येच मिळाला, तोही रस्त्यावर उतरून. आणि जानेवारी १९२१ मध्ये त्याच शहरात पावाचं रेशन एक तृतीयांशाने कापलं गेलं. फेब्रुवारीत कारखाने पुन्हा बंद पडले, कामगार पुन्हा रस्त्यावर आले. या वेळी सत्तेत त्यांचाच म्हणवणारा पक्ष होता. त्याने शहरात लष्करी कायदा लावला आणि पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. शहराजवळच्या क्रोनश्टाट नाविक तळावरच्या खलाशांनी मोकळ्या निवडणुका मागितल्या, तेव्हा मार्चमध्ये गोठलेल्या आखातावरून त्यांच्यावर फौज धाडली.