राजांची पंगत

दमानं चला. इंकांची राजधानी कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचावर आहे. चार पायऱ्या चढलात तरी छातीचा भाता होतो. साल साधारण 1500. स्पॅनिश फौज इथं यायला अजून तेहेतीस वर्षं आहेत. घोडा नावाचं जनावर इथं कुणी पाहिलेलंही नाही.

हावकायपाता चौकात पाऊल टाकताच पायाखाली वाळू लागते. डोंगरातल्या शहरात समुद्राची वाळू! पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून ती आणली आहे, आणि या देशात चाकाची गाडी नाही, म्हणजे सगळी पाठीवरून.

गर्दी दुभंगते. पालख्या येत आहेत. पहिल्या पालखीतल्या पुरुषाच्या कपाळाला राजपट्टा, हात छातीवर दुमडलेले, नजर खाली. मागच्या पालखीतही तसाच एक, त्याच्याही मागे. मानाच्या क्रमानं त्यांना चौकात बसवतात. सेवेकरी त्यांच्यावरच्या माश्या वारतात. यांतला एकही श्वास घेत नाही, हे तुमच्या जरा उशिरानंच लक्षात येतं.

हे इंकांचे दिवंगत राजे. ज्यानं कुस्कोच्या छोट्या राज्याचं साम्राज्य केलं तो पाचाकुती, त्याचा मुलगा तोपा इंका. अशा देहाला केचुआ भाषेत ‘माल्की’ म्हणतात. रोपालाही तोच शब्द आहे, आणि मला हा शब्दच त्यांच्या साऱ्या धर्माची किल्ली वाटतो. पूर्वज संपत नाही, त्याच्यावरच कूळ उगवतं.

प्रत्येकापुढे सुक्या लाकडांचा जाळ पेटतो. त्यात अन्न घालतात, ते जळालं म्हणजे राजा जेवला. मग चिचा, मक्याची आंबवलेली पेयं. सोन्याचांदीच्या घड्यांत ती राजांपुढे ठेवतात आणि शेवटी चौकातल्या दगडाच्या कुंडात ओततात. एक राजा दुसऱ्याला प्याला देतो, अर्थात सेवेकऱ्यांच्या हातानं. तुमच्या हातावर कुणीतरी कोकाची पानं ठेवतं. जवळच उकडलेले बटाटे आहेत. आपल्या उपवासाच्या बटाट्याचं मूळ घर हेच डोंगर.

चौकापासून थोड्या अंतरावर कोरिकांचा, सूर्यदेव इंतीचं मंदिर, सोन्याच्या पत्र्यांनी मढवलेलं आहे. राजा सूर्याचा पुत्र. मग सूर्यपुत्राचा वाडा, जमीन, नोकर त्याच्या मृत्यूनंतर कुणाचे? त्याचेच. त्याच्या वंशजांची ‘पानाका’ ती मालमत्ता सांभाळते, त्याच्या नावानं बोलते, सल्ला देते. आज गादीवर असलेल्या वायना कापाकला बापाकडून सत्ता मिळाली, संपत्ती नाही. ती त्यानं स्वतः मिळवायची. इंकांना सतत नवे मुलूख का लागत, याचं एक कारण अनेक अभ्यासक इथंच शोधतात, आणि मला ते पटतं. या पंगतीचा खर्च साऱ्या साम्राज्याच्या माथी आहे.

आता काळ पुढे सरकू द्या. 1520 च्या दशकात वायना कापाक मरतो, बहुधा युरोपातून आलेल्या रोगानं. त्याचे मुलगे वास्कार आणि आतावाल्पा गादीसाठी लढतात. 1533 मध्ये स्पॅनिश सैनिक आतावाल्पाला गळा आवळून मारतात आणि कोरिकांचाच्या भिंतींवरचे पत्रे उखडतात.

पण राजांचे देह लोकांनी लपवून ठेवले, गुपचूप पूजले. 1559 मध्ये कुस्कोचा अधिकारी पोलो दे ओन्देगार्दो यानं ते शोधून काढले. पुढच्याच वर्षी इंका राजकन्येचा मुलगा, तरुण गार्सिलासो दे ला वेगा, स्पेनला निघण्यापूर्वी पोलोच्या घरी गेला. तिथल्या वायना कापाकच्या बोटाला त्यानं हात लावला. ते लाकडासारखं कडक होतं, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं.

काही देह लिमाला पाठवले गेले आणि सान आन्द्रेस रुग्णालयाच्या आवारात पुरले गेले. उत्खनन झालं, तरी ते अजून सापडलेले नाहीत.