अवस्थान, पाल, कॅम्प : एका सहलीच्या आखणीतून

मराठी विभागाच्या सहलीची आखणी करायला आम्ही चौघे प्राध्यापक बसलो, तेव्हा हा लेख लिहिण्याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात नव्हता. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, तीन दिवस आणि दोन रात्री; पहिली रात्र मोर्शी तालुक्यातील साळबर्डीला माडू नदीच्या काठी, दुसरी मेळघाटात सिपनेच्या काठी, इतकेच ठरले होते. क्रीडा विभागाकडे सहा तंबू पडून होते आणि रान, नदी व तंबू या तीन शब्दांनी विद्यार्थ्यांना आधीच भारून टाकले होते. आम्ही यादी करू लागलो. सतरंज्या, शिधा, शेगडी, प्रथमोपचाराची पेटी, पालकांची संमतिपत्रे आणि शेवटी वनखात्याची परवानगी. या शेवटच्या ओळीपाशी यादी अडली आणि पुढची दोन तासांची बैठक सहलीची न राहता भलत्याच विषयाची झाली. जंगलात, नदीकाठी, रात्री पाठ टेकायची असेल तर कोणाला विचारावे लागते, आणि आपल्या भाषेतल्या ग्रंथांत लोकांनी कोणाला विचारले होते, हा तो विषय.

साळबर्डीची निवड अर्थातच लीळाचरित्रामुळे झाली. ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंची भेट झाल्यानंतर श्रीचक्रधर सातपुड्याच्या या टोकाशी असलेल्या डोंगरात आले आणि त्यांनी बारा वर्षे तेथे घालवली, अशी महानुभावांची परंपरा सांगते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या, तेव्हा या बारा वर्षांबद्दल सांगणारे फारसे कोणी नव्हते. त्यामुळे एकांकातला हा भाग त्रोटक आहे आणि आम्हाला तो त्रोटकपणाच विश्वासार्ह वाटत आला आहे. जेथे साक्षीदार नाही तेथे म्हाइंभट फारसे बोलत नाहीत.

सहलीच्या दृष्टीने मात्र लीळाचरित्रापेक्षाही आम्हाला स्थानपोथी जवळची वाटली. वर्गात ती कोणी शिकवत नाही. एखाद्या टिपेत तिचा उल्लेख करून आपण पुढे जातो. वस्तुतः मराठीतील प्रवासविषयक लेखनाचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याचा आरंभ तिच्यापासून करावा लागेल. श्रीचक्रधर कोणत्या गावी कोठे राहिले, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, नदी कोणत्या अंगाला, ते बसले कोठे, निजले कोठे, याची ही नोंदवही आहे. तिच्यात थांबण्याचे प्रकार शब्दांनी वेगळे केले आहेत. क्षणभर बसले ते आसन, रात्र काढली ती वस्ती, अधिक काळ राहिले ते अवस्थान. फार काय, परिश्रयाची जागा, म्हणजे देहधर्मासाठी जेथे गेले ती जागासुद्धा, आदराने नोंदलेली आहे. सहलीची आखणी केलेल्या कोणत्याही माणसाला या नोंदीचे व्यावहारिक महत्त्व निराळे समजावून सांगायला नको. आमच्या यादीत तो मुद्दा चौथा होता आणि सर्वाधिक वाद त्यावरच झाला.

या साऱ्या नोंदींत परवानगीची गोष्ट येत नाही. देऊळ, मठ, झाडाचा बुंधा, नदीचा काठ ही माणसाने रात्री पडावे अशीच ठिकाणे आहेत, हे तेथे गृहीत आहे. महानुभाव आचारधर्माने तर याचाच नियम केला. अनोळखी प्रदेशाच्या कडेला, झाडाखाली, भिक्षेवर आयुष्य काढावे. ओळख वाढेल, जागा आपली वाटू लागेल, तेथे राहू नये. जागेवर हक्क सांगायचाच नाही असे ठरवलेला माणूस परवानगी कोणाची घेणार? अर्थात या सोपेपणाचा फार गौरव करण्याचे कारण नाही. रानात वाघ होते, चोर होते, ताप होता. आणि मुळात हे संन्याशांचे रान आहे. त्या रानात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना ते कसे दिसत होते, हे मराठी ग्रंथांतून कळत नाही. सातपुड्यातल्या कोरकूंची भाषा तर मराठीच्या कुळातलीही नाही. ती मुंडा कुळातली, त्या कुळाच्या पार पश्चिम टोकाची भाषा. सिपना या नदीच्या नावाचा अर्थ त्या भाषेत साग असा आहे. आमच्यापैकी तिघांना हे ठाऊक नव्हते. ज्या नदीकाठी मुक्काम करायचा तिचे नाव आपण इतकी वर्षे अर्थाशिवाय उच्चारत होतो, याची थोडी शरम वाटली.

मधल्या काही शतकांत तळ आणि छावणी हे शब्द रानात आले ते फौजांबरोबर. त्यांविषयी इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळ आहे, तेव्हा येथे एकच प्रसंग पुरे. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड घेण्यासाठी इंग्रज फौजेच्या एका भागाने जड तोफा सुमारे ३० मैल डोंगरांतून, जागोजाग वाट तयार करीत, ओढून नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. ज्या उतारांवरून आज चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाड्या घाट चढतात, त्याच डोंगररांगेची ही हकीकत आहे. फौजेचा तळ परवानगी मागत नाही, हे खरे. पण तो उठतो. गावाची गंजी, जनावरे आणि धान्य घेऊन उठतो, तरीही उठतो. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. १८५७ साली उत्तरेकडे निघालेल्या या भिक्षुकाला बंडाची कुणकुण लागली ती महूच्या अलीकडे, मुक्कामावर भेटलेल्या शिपायांकडून. मुक्काम म्हणजे बातमी मिळण्याची जागा. त्यांच्या प्रवासात पुढे भय आहे, लूट आहे, उपासमार आहे. परंतु येथे निजण्याचा तुला अधिकार काय, असा प्रश्न रानाच्या वतीने त्यांना कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारणारा माणूस पुढच्या दोन दशकांत तयार झाला. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचे इंग्रजी पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. जानेवारी १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर जाऊन त्याने तेथे एक बंगला बांधला, तो आजही दाखवतात. फॉर्सिथ चांगला लिहितो, हे मान्य केले पाहिजे. सागाचे रान, नदीचे पात्र, पहाटेचे धुके तो ज्या बारकाईने पाहतो, तितक्या बारकाईने त्या काळच्या मराठी लेखनात निसर्ग आलेला नाही. पण हे पाहणे ज्या तंबूच्या दारातून होते, तो तंबू रानाची मोजदाद करण्यासाठी आलेला होता. साग किती, साल किती, लोक किती, शेतीला योग्य किती. हिवाळ्यात साहेबाचा दौरा निघे, तंबूंचा एक संच पुढच्या मुक्कामी आधीच रवाना होई आणि दूध, कोंबड्या, गवत, लाकूड आसपासच्या गावांतून गोळा होई. मराठीत कॅम्प हा शब्द रुळला तो या दौऱ्यांमुळे आणि लष्करी वसाहतींमुळे. अमरावतीत आणि पुण्यात तो वस्तीचे नाव होऊन बसला आहे.

त्याच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आरंभी तो उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर नेली. या दोन गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत, हा योगायोगच; परंतु मराठीचा विद्यार्थी त्याकडे दुर्लक्ष करू शकत नाही. कारण नदीकाठी कापडाखाली निजणे या एकाच कृतीला आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. साहेबाचा तो तंबू, आणि कैकाड्याचे, पारध्याचे, वडाराचे ते पाल. पाल गावाबाहेर, ओढ्याच्या किंवा नदीच्या कडेला पडते. तेथे पाणी असते आणि गाव हाकलीत नाही, निदान लगेच हाकलीत नाही. ज्यांच्यावर कायद्याचा शिक्का बसला, त्यांना हजेरी द्यावी लागे आणि जागा बदलायची तर कळवावे लागे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा गेला. पण लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, तेव्हा हा शिक्का माणसाच्या पाठीवरून उतरलेला नव्हता, हे त्या पुस्तकाच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. आम्ही 'उपरा' दरवर्षी शिकवतो. त्यातील बिऱ्हाड, गाढवे, भूक, अपमान यांवर प्रश्न काढतो. मात्र पाल कोठे ठोकायचे याची त्या कुटुंबाला रोज करावी लागणारी आखणी, पाणी किती दूर, सरपण कोठे मिळेल, गावाचा पाटील कसा आहे, ही आखणी म्हणून आम्ही आजवर कधी पाहिली नव्हती. क्रीडा विभागाचे सहा तंबू समोर असताना ती दिसली.

वनकायद्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगून पुढे जातो. १८७८ च्या कायद्याने रानाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले. वऱ्हाडचे प्रशासन त्या काळी काहीसे निराळे होते, तरी विचार तोच होता. १९२७ च्या कायद्यात राखीव रानात विनापरवाना शिरणे आणि विस्तव पेटवणे हे गुन्हे म्हणून नोंदलेले आहेत. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला. या संरक्षणाला नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. सिपना, खापरा, खंडू, गाडगा, डोलार या नद्या ज्या रानातून तापीला मिळतात ते रान उरले, यात या कायद्यांचा वाटा मोठा आहे. मारुती चितमपल्लींसारखा लेखक आपल्याला मिळाला तोही वनखात्याच्या नोकरीतून. रानात मुक्काम ज्याचे कामच होते, अशा माणसाने स्थानिकांकडून पाखरांची, झाडांची नावे गोळा करून मराठीचा शब्दसंग्रह वाढवला. जून २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा विभागात आम्ही त्यांच्या पुस्तकांवर एक दिवस बोललो होतो. कॅम्प या शब्दाला जे काही म्हणायचे ते म्हणताना चितमपल्ली आठवावेत, इतके त्यांचे ऋण आहे.

परवानगीच्या अर्जाच्या निमित्ताने आम्ही १९७२ च्या कायद्याची दोन कलमे विद्यार्थ्यांसमोर वाचली. अभयारण्यात कोणी शिरावे हे सांगणाऱ्या २७ व्या कलमात काही अपवाद आहेत. आत राहण्याची परवानगी असलेला, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला, अशांना प्रवेशासाठी वेगळा परवाना लागत नाही. इतरांसाठी २८ वे कलम आहे. त्यात हेतू दिले आहेत : अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर कामकाज. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. तो कोरकू आहे. त्याच्या आजोबांचे गाव प्रकल्पाच्या गाभ्यात होते. पुनर्वसनानंतर कुटुंब बाहेर, मैदानी भागात आले. ‘‘सर, आजोबा सत्तावीसमध्ये होते,’’ तो म्हणाला, ‘‘मी अठ्ठावीसमध्ये येतो. माझा हेतू कोणता लिहायचा?’’

वर्गात कोणी हसले नाही. आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही, कारण आमच्यापाशी ते नव्हते. एका सहकाऱ्याने २००६ च्या वनहक्क कायद्याकडे लक्ष वेधले. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीरसारख्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेथल्या लोकांनी उजाड टेकडी कशी राखली, हेही सांगितले. ते सारे खरे आहे. पण ज्याने पैसे आणि जमीन घेऊन गाव सोडले त्याच्या नातवाने आजोबांच्या नदीकाठी एक रात्र काढावी, यासाठी त्या कायद्यात जागा शोधणे कठीण आहे. स्वखुशीने उठलेले गाव आणि उठवलेले गाव यांतील सीमारेषा कोठे असते, यावर आमच्या चौघांत त्या दिवशी एकमत झाले नाही, अजूनही नाही. आमच्यातील एकाचे म्हणणे असे की, बाहेर दवाखाना आणि महाविद्यालय जवळ आले, म्हणूनच हा मुलगा आज एम.ए.च्या वर्गात बसून हा प्रश्न विचारतो आहे. त्या मुलाला आम्ही हे ऐकवले. तो म्हणाला, ‘‘तेही खरे आहे, सर.’’ आणि खाली बसला.

सहलीची आखणी बदलली. तंबू न्यायचे नाहीत असे ठरले. साळबर्डीला गावातच ओसरीवर किंवा देवळापाशी सोय करायची, तीही विचारून. आणि मेळघाटात सेमाडोहच्या संकुलात वनखात्याने दिलेल्या खोल्यांत राहायचे. नदी तेथूनही दूर नाही. साळबर्डीच्या रात्री स्थानपोथीतील नोंदींचे वाचन होईल, त्यासाठी छायाप्रती काढून झाल्या आहेत. सिपनेच्या काठी दुसऱ्या दिवशी दुपारी तो विद्यार्थी कोरकू भाषेतील झाडांची आणि डोहांची नावे सांगणार आहे. त्याने आजीकडून वहीत उतरवून आणली आहेत, आतापर्यंत बेचाळीस. ती नावे देवनागरीत कशी लिहावीत, विशेषतः काही स्वर, यावर त्याचे आणि भाषाविज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांचे रोज बोलणे चालू आहे. अर्जातील हेतूच्या रकान्यात सर्वांसाठी ‘अभ्यास’ असे लिहिले आहे. त्याने स्वतःच्या नावापुढचा रकाना अजून कोरा ठेवला आहे, आणि अर्ज सोमवारी द्यायचा आहे.