शपथेपासून सोबतीपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी चामराजपेटेच्या इतिहासावर काही लिहावे, असा आपल्या चिटणीसांचा आग्रह होता. १८९२ साली आखलेल्या या पेठेविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारी ज्येष्ठ मंडळी मंडळात आहेत. मी रेल्वेच्या परमनंट वे विभागातला डिप्लोमा इंजिनिअर, रूळ आणि खडी सांभाळणारा माणूस. मी वेगळाच इतिहास निवडला आहे. तो आमच्या घराला वेळेवर ठाऊक असता तर बरेच काही टळले असते. माझ्या थोरल्या भावाला विचारूनच लिहितो आहे. “नाव घातलेस तरी चालेल,” असे दादा म्हणाला. मी घातलेले नाही.

आमचा दादा गणपतीचे दहा दिवस दारूला शिवत नसे. चतुर्थीला मूर्तीपुढे हात जोडून शपथ घ्यायची आणि विसर्जनाच्या रात्री ती मोडायची, असे कितीतरी वर्षे चालले. आई म्हणे, दहा दिवस राहू शकतो तर अकरावा का नाही? आम्हा सर्वांचे उत्तर ठरलेले होते : मनच कच्चे. वहिनींनी नवस केले, गंडेदोरे आणले. ‘न कळत दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून पोस्टाने पुड्याही मागवल्या आणि आमटीत घातल्या. त्या पुड्यांत काय होते, ते आजही आम्हाला माहीत नाही.

२००९ च्या गणपतीत मात्र ते दहा दिवसही निभले नाहीत. दुसऱ्या दिवशी आरतीला दादाच्या हातातले तबक थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला आणि रात्री त्याला आकडी आली. जवळच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, “काही सवय वगैरे?” वडील चटकन म्हणाले, “छे, छे.” मी शेजारी उभा होतो, मीही गप्प राहिलो. सलाईन लावून, अशक्तपणा आहे असे सांगून त्यांनी घरी पाठवले. तिसऱ्या रात्री दादाला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. तो मला ओळखेना. शेजारच्या आजी म्हणाल्या, बाहेरचे काही असेल. अखेर पहाटे रिक्षात घालून त्याला होसूर रोडवरच्या निम्हान्समध्ये नेले, आणि तिथे पहिल्यांदा आम्ही खरे बोललो.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली की शरीर असे बंड करते, हे त्या दिवशी कळले. मेंदूला वर्षानुवर्षे दारूने दाबून ठेवलेले असते. तो दाब एकदम निघाला की हात कापतात, झटके येतात, भास होतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास माणूस दगावूही शकतो. म्हणजे ज्या शपथेला आम्ही उपाय समजत होतो, तीच त्या वर्षी त्याच्या जिवावर बेतली होती. दारू सोडणे वाईट नव्हे. पण अशा माणसाने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची असते, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

मराठी माणसाला दारूची शोकांतिका काही नवी नाही. राम गणेश गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणला. तो पाहायला गडकरी हयात नव्हते, त्याच वर्षीच्या जानेवारीत ते गेले होते. माझे वडील तरुणपणी आपल्या गणेशोत्सवात त्यातला तळीराम करत आणि टाळ्या घेत. दादाच्या आजारानंतर मी ते नाटक पुन्हा वाचले तेव्हा एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. सुधाकर दारू सोडतो. खरोखर सोडतो, आणि नोकरी मागायला जुन्या ओळखीच्या माणसांच्या दारी जातो. तिथे अपमान होतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पिणाऱ्यांसाठी नाटकात तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ आहे. सोडणाऱ्यासाठी कोणतेच मंडळ नाही. घरी सिंधू आहे. पण तिने एकटीने किती ओढायचे?

त्या काळच्या समाजसुधारकांना याची जाणीव नव्हती, असे नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये नव्या दारूदुकानांना विरोध केला होता. लोकमान्यांच्या अनुयायांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधन केले. गाडगेबाबा कीर्तनांतून आयुष्यभर तेच सांगत राहिले. आपल्या कर्नाटकातही १ जुलै २००७ पासून सारायी बंद झाली. ही सारी चळवळ दुकान बंद करण्याची किंवा पिणाऱ्याला समजावण्याची होती, आणि तिची गरज होतीच. परंतु ज्याला समजलेले आहे, ज्याला सोडायची आहे आणि तरीही सुटत नाही, त्याचे काय? मला वाटते, याचे अर्धे उत्तर वारकऱ्यांकडे होते. पंढरीची माळ घालून दारू सुटलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. माळ ही शपथच. पण तिच्यामागे दिंडी असते, एकादशी असते, संध्याकाळच्या भजनाला बोलावणारी माणसे असतात. आमच्या दादाच्या शपथेमागे दहा दिवस मांडव होता. अकराव्या दिवशी तोही सोडला जाई.

अमेरिकेत हेच सत्य एका दारुड्याला १९३५ साली गवसले. बिल नावाचा हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रन गावी गेला. दारू सोडून काही महिनेच झाले होते. काम फसले. हॉटेलात एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि आपल्यासारखाच एखादा पिणारा माणूस शोधू लागला. त्याला सुधारण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी. अशा रीतीने तो डॉक्टर बॉब यांना भेटला. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ऊर्फ एए या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. फी नाही, आडनाव नाही, पुढचा विचार फक्त आजच्या दिवसापुरता. १९५७ मध्ये हे काम आपल्या देशात दिल्लीत सुरू झाले आणि मुंबईतही पोहोचले. घरच्या माणसांसाठी अल्-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना अमेरिकेत १९५१ मध्येच निघाली होती.

मराठीत या कामाला घरपण दिले ते मुक्तांगणने. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शहरांत शिरली होती. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि पुलंनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले. डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तेथे आलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानायचे, हा सुनंदाताईंचा दंडक. बरे झालेलेच पुढे नव्यांना सांभाळू लागले. घरी गेलेल्यांनी पाठपुराव्याला यायचे, आणि पत्नींचा वेगळा गट. कर्करोगाने १९९७ मध्ये सुनंदाताई गेल्या, २०२२ च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले. केंद्र चालू आहे, त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ते पाहतात.

आपल्या गावात निम्हान्सने १९९१ पासून व्यसनमुक्तीसाठी स्वतंत्र विभाग चालवला आहे. दादाचे पहिले दिवस केवळ शरीर सावरण्यात गेले. मेंदू शांत करणारे औषध आधी पुरेसे द्यायचे आणि रोज थोडे थोडे उतरवत न्यायचे, जोडीला बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने. मग समुपदेशन. घरच्यांनाही समोर बसवून विचारले जाई. वडील पहिल्या बैठकीत एक शब्द बोलले नाहीत, दुसऱ्या बैठकीत रडले. आमटीतल्या पुड्यांची गोष्ट वहिनींनी तिथेच सांगितली. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी स्पष्ट बजावले : डायसल्फिरॅमसारखे, घेतल्यावर दारू प्यायली तर त्रास होणारे औषध असते, ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. चोरून दिले आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

दादा घरी आला आणि सातव्या महिन्यात घसरला. एका लग्नात. आम्हाला वाटले, सगळे पाण्यात गेले. मी तर त्याच्याशी बोलणेच टाकले होते. इथे मला माझ्याच कामाची लाज वाटते. रुळाचा वेल्ड तुटला की आम्ही त्याला क्लॅम्प लावतो आणि ताशी २० किलोमीटरने गाडी सोडतो. पुढे तो भाग नीट दुरुस्त झाला की वेग टप्प्याटप्प्याने वाढवतो, आणि कीमन रोज तिथून चालत जातोच. एकदा तुटला म्हणून मार्ग उखडून टाकत नाही. भावाला मात्र मी पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाची परवानगी दिली होती, आणि पुन्हा तुटताच त्याला सोडून द्यायला निघालो होतो. वहिनींनी तसे केले नाही. दुसऱ्या दिवशी त्या त्याला घेऊन ओपीडीत गेल्या. तिथल्याच एका जुन्या रुग्णाने त्याला एएच्या बैठकीला नेले. ती बैठक कन्नडमध्ये चाले. दादाचे कन्नड बाजारापुरते; पण तो म्हणे, “तिथे भाषांतर लागत नाही.”

वडील गेले तेव्हा दादाला दारू सोडून चार वर्षे झाली होती. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी घरातल्या आजारांची चौकशी केली, तेव्हा रक्तदाब आणि मधुमेह यांच्या जोडीला वडिलांनी स्वतःहून सांगितले, “मोठ्या मुलाला दारूचा आजार आहे. बरा आहे.”

कोणाला गरज असेल तर : टेली-मानसची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे, आणि नशामुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे. दादाला भेटायचे असेल तर रात्रीच्या आरतीनंतर तो मांडवाच्या मागे, प्रसादाची भांडी मोजत असतो. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी, म्हणजे अकराव्या दिवशीही, तो तिथेच सापडेल. मांडव सोडण्याचे काम गेली काही वर्षे त्याच्याकडे आहे.