बँक, विश्वस्त आणि नॉमिनी

मागच्या वेळी आपण शहापूर-मुरबाडच्या जमिनींबद्दल बोललो. भातसा, बारवी, अलीकडे समृद्धी महामार्ग. जमीन गेली, मोबदला खात्यात आला. आता खातेदारच वारला आणि पोरं लहान असली, तर तो पैसा सांभाळायचा कुणी?

बँकेने सांभाळावा, असं कुणी म्हटलं तर आपल्याला नवल वाटेल. कायद्याला वाटत नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ६ मध्ये बँकेने करायच्या धंद्यांची यादी आहे. त्यात न्यास चालवणं आहे, मयताच्या मिळकतीची व्यवस्था पाहणं आहे, लॉकरही आहे. कलम ८ मात्र बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीचा धंदा करू देत नाही. म्हणजे भाताची आडत नाही, पण मेलेल्या माणसाचं मृत्युपत्र अमलात आणणं चालतं!

कायदा येण्याआधीच हे काम सुरू होतं. सेंट्रल बँकेने मुंबईत १९२९ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली. बँक ऑफ महाराष्ट्रची 'महाराष्ट्र एक्झिक्युटर अँड ट्रस्टी कंपनी' पुण्यातली, १९४६ ची. बंगला, शेअर, वकिलाने लिहिलेलं मृत्युपत्र, अशा घरांना ही सोय शोभणारी. सातबाऱ्यावर पाच-सहा नावं असलेल्या घराचं गणित वेगळं.

तिथे पोचला तो नॉमिनीचा रकाना. १९८३ च्या दुरुस्तीने तो बँकिंग कायद्यात आला, आणि गैरसमजही सोबत आला: नाव ज्याचं, पैसा त्याचा. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये आणि बँक खात्याबाबत २०१० मध्ये सांगितलं की नॉमिनीने पैसा फक्त घ्यायचा, हक्क वारसांचाच. म्हणजे काका नॉमिनी असेल तर पुतण्यांसाठी तो एका अर्थी विश्वस्तच झाला. फक्त त्याचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या अनुसूचित जमाती. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, कलम २(२) प्रमाणे, केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय त्यांना लागू होत नाही. मग वारस कोण, हे रूढीवर येतं, आणि मुलीच्या वाट्याचा वाद तिथेच पेटतो.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी ठेवता येतात, टक्केवारी लिहून. ती टक्केवारी बँकेने कुणाच्या हातात किती द्यायचे याची. वारसांचे हिस्से तिने ठरत नाहीत.